लोखंडी काडतूस आणि चिंचेचं पाणी

मी आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्या. हिंगोलीजवळ सशस्त्र पोलिसांचा एक कॅम्प होता, तिथं मी आर्मरर होतो. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं, "आर्मरर म्हंजे काय करतेत?" मी म्हणालो, "बंदुकीचा डॉक्टर." ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मग पेशंट मेला त?" मी म्हणालो, "माझा पेशंट मरत न्हाई मामा. पेशंट अडला, त ज्याच्या हातात हाय त्यो मरतो." मुलीच्या बापासमोर बोलायची ही गोष्ट नव्हती, पण लग्न झालं.

आधीच सांगून टाकतो, मी गर्विष्ठ माणूस आहे. नम्रपणाचं सोंग मला कधी जमलं नाही. माझ्या हातून तपासून गेलेली रायफल बाहेर कधी अडली नाही, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. एकदाच अडायची वेळ आली होती, आणि तीही माझ्याच मिजाशीमुळे. ती हकीकत सांगतो.

आम्ही मूळचे पुसेगावकडचे. घरी मेंढरं. लोकर कातरायची मोठी कातर माझे वडील, आबा, स्वतः पाजळायचे आणि काम झालं की तिला मेंढीची चरबी लावून फडक्यात गुंडाळून ठेवायचे. लोखंडाची चाकरी कशी करायची हे मी तिथं शिकलो. पुढं भरती झालो, पुण्याला आर्मररचा कोर्स केला, तिथं मास्तरांनी जे इंग्रजी पुस्तकातून शिकवलं त्यातलं निम्मं मला आबांच्या कातरीनं आधीच शिकवलं होतं. असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटायचो. मास्तरांनाही सांगितलं होतं, त्यांना ते फारसं आवडलं नाही.

मी कॅम्पात आलो ते नव्वद सालच्या आसपास. तेव्हा तिथं पितळेचं राज्य होतं. पट्ट्याचं बक्कल पितळेचं, टोपीवरचा बिल्ला पितळेचा, बिगुल पितळेचा आणि काडतूसही पितळेचं. आमच्याकडे तेव्हा एसएलआर होती, लांब, जड, सरळ स्वभावाची रायफल. तिची काडतुसं सोन्यासारखी झळकायची. वार्षिक तपासणी आली की जवान अंगणात पोतं टाकून बसायचे आणि जे जे पिवळं दिसेल ते ते घासायचे. बाजारचं पॉलिश महाग, म्हणून पोलीस लाइनीतल्या बायका घागरी घासतात तसं चिंचेचं पाणी आणि राख. तपासणीच्या दिवशी प्रत्येकाच्या चादरीवर सामान मांडलेलं असायचं आणि त्यात काडतुसांची ओळ अशी चमकायची की साहेबांनी वाकून बघावं. काडतुसं खरं तर घासायची नसतात, नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसायची. पण पितळ सोशीक, कुणाचं काही वाकडं झालं नाही, म्हणून ती आमच्या कॅम्पाची रीतच होऊन बसली.

पितळेची थोरवी मी मानतो. ते मऊ असतं. बार उडाला की पुंगळी, म्हणजे काडतुसाचं बाहेरचं कवच, फुगते आणि चेंबरला, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या खोबणीला, गच्च चिकटून बसते, धूर मागं येऊ देत नाही. दाब उतरला की लगेच आकसते, म्हणून ओढली की सुटते. तव्यावरची भाकरी टम्म फुगते आणि खाली उतरवली की बसते, तसं. शिवाय पितळ गंजत नाही. पण पितळेला तांबं लागतं, तांबं महाग, आणि मोठी लढाई लागली की तांब्याला सगळीकडून ओढ लागते. म्हणून काही देशांनी फार आधीच पोलादी पुंगळीची काडतुसं काढली. हे मी पुण्यात ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते हिंगोली परभणीतून सुटून नवा जिल्हा झाला त्या सुमारास. आमच्या कॅम्पात एके रायफली आल्या आणि सोबत लाकडी पेट्या आल्या. पेटीत पत्र्याचे बंद डबे. डबा उघडायला निराळंच एक हत्यार होतं, ते मीच चालवलं, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. आत कागदाच्या पुड्या, पुडीत काडतुसं. आणि ती हिरवी! मळकट, शेवाळी हिरवी.

पहिल्या प्लाटूनचे हवालदार माझ्या खांद्यावरून बघत होते. ते कळमनुरीचे, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, हुद्द्यानंही वर. मी नाईक होतो. आमची घरं लाइनीत दोन दारं सोडून, पाण्याचा नळ एक. जयंतीला त्यांच्या घरची खीर आमच्याकडे आणि गावाकडून बिरोबाचा प्रसाद आला की आधी त्यांच्याकडे. नेमबाजीत कॅम्पात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता आणि टोमणे मारण्यातही नव्हता.

"आर्मरर," ते म्हणाले, "हे काय पोळ्याच्या बैलाची शिंगं हायत का? रंग देऊन राहिले काहून?"

"हवालदार, ही लोखंडी हायत. पोलादाची पुंगळी."

"लोखंडी? मंग चुलीम्होरची फुकणी बी चालन की. न्हाई, पितळ ते पितळ. ही गरिबाची गोळी दिसून राहिली."

मला राग आला. त्या रायफली आणि ती काडतुसं आता माझ्या ताब्यात होती, आणि माझ्या ताब्यातल्या वस्तूला नाव ठेवलं की मला ते माझ्या पोरांना नाव ठेवल्यासारखं वाटतं. मी तिथंच एक काडतूस तळहातावर घेऊन त्यांना शिकवायला लागलो. म्हणालो, ही रायफल आणि ही गोळी एकमेकांसाठीच बेतलेली आहे. एसएलआरची पुंगळी बघा, उसाच्या कांडीसारखी जवळजवळ सरळ. ही बघा, गाजरासारखी निमुळती. गाजर उपटायला किती जोर लागतो? जरा हललं की सगळ्या बाजूंनी सुटतं. पोलाद पितळेसारखं आकसत नाही हे खरं, म्हणून तर तिला असा आकार दिलाय आणि चेंबरही जरा ऐसपैस ठेवलाय. वर ती पितळेहून हलकी, कडा टणक, ओढताना सहसा फाटत नाही. आणि तांबं वाचतं ते वेगळंच.

"आन गंजली त?" हवालदारांनी विचारलं. "पितळ गंजत न्हाई. तुझी लोखंडी पावसात भिजली, मंग?"

"म्हणून त हा हिरवा रंग. रंग न्हाई, वार्निश हाय ते. जोवर ते अंगावर हाय तोवर लोखंडाला हवा लागत न्हाई."

हे मी बोललो. याच तोंडानं बोललो. पुढं काय झालं ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे माझ्या गाढवपणाची खोली कळेल.

हवालदारांनी त्यावेळी मान हलवली, पण हार मानली नाही. पुढच्या वर्षभरात आमचा हा वाद रोजचा झाला. फायरिंग झालं की ते मला बोट दाखवायचे, बोटाला काळं. पोलादी पुंगळी चेंबरला घट्ट बसत नाही, थोडा धूर मागं येतो, काजळी धरते. त्यांचं म्हणणं बराबर होतं. पुंगळी ओढणारा आकडा लोखंडावर लोखंड घासून लवकर झिजतो, तेही बराबर. आणि त्या काडतुसांच्या बुडाच्या टोपीतला, ठिणगी पाडणारा मसाला असा होता की नळीत खार उरायचा, कोरडं पुसून भागत नसे, कढत पाण्यानं नळ्या धुवाव्या लागत. फायरिंगच्या दिवशी लाइनीतल्या प्रत्येक घरी बंब पेटलेला असायचा आणि बायका विचारायच्या, "आज आंघोळ माणसाची का बंदुकीची?"

पण माझीही बाजू होती. फायरिंग झालं की एकूण एक रिकामी पुंगळी परत जमा करायचा नियम. पितळेच्या दिवसांत जवान माळावर गुडघ्यांवर रांगायचे, कुसळं टोचून घ्यायचे, आणि एक पुंगळी कमी भरली तर दुपार तिथंच. मी एका जुन्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक काढलं, दोरी बांधली आणि गवतातून ओढत नेलं. पुंगळ्या मधाच्या पोळ्यावरच्या माश्यांसारख्या येऊन चिकटल्या. सगळी प्लाटून टाळ्या वाजवायला लागली. हवालदार म्हणाले, "चला, गरिबाच्या गोळीचा एक फायदा त दिसला." एकदा मी मुद्दाम रायफल चिखलात लोळवून, झटकून, त्यातून तीस गोळ्यांचं अख्खं मॅगझीन झाडून दाखवलं. एकही अडली नाही. त्या दिवशी मी घरी गेलो तो छाती पुढं काढून, बायको म्हणाली, "शर्टाच्या गुंड्या तुटतील."

आणि मग तपासणी आली.

त्या वर्षी मुंबईहून मोठे साहेब येणार होते. बढतीची यादीही निघायची होती, तिसरी पट्टी मिळून मी हवालदार होणार अशी कुजबुज होती. पहिल्या प्लाटूनकडे एके होत्या, म्हणजे चादरीवर या वर्षी हिरवी काडतुसं मांडावी लागणार. शेजारच्या प्लाटूनच्या चादरीवर एसएलआरची पिवळीधमक ओळ आणि माझ्याकडे शेवाळ. कुणीतरी म्हणालं, "आर्मररची काडतुसं तळ्यातून काढल्यासारखी दिसायलीत." एवढं पुरे झालं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस मी.

मी ट्रकच्या रंगाचं थिनर मागवलं. चार जवान घेतले. हवालदार तेव्हा रजेवर कळमनुरीला होते, नाहीतर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. प्रत्येक जवानाच्या एका मॅगझीनमधली काडतुसं आम्ही घेतली, थिनरनं वार्निश उतरवलं, विटेच्या पुडीनं घासलं आणि शेवटी, आमच्या कॅम्पाच्या रीतीप्रमाणे, चिंचेचं पाणी. घरून चिंच नेताना बायकोनं हटकलं.

"चिंच कशाला?"

"काडतुसाला."

"ती त लोखंडाची म्हणून राहिले होते तुमी. लोखंडाला चिंच लावतेत का? लोखंडी कढईत आंबट वरण कुनी करतं का? काळं पडते, गंज धरते."

"तू कढई सांभाळ," मी म्हणालो. "हत्यारांचं मला कळतं."

तीन दिवसांत ती काडतुसं चांदीसारखी झाली. खोटं नाही सांगत, मी माझ्या आयुष्यात तितकी देखणी काडतुसं पुन्हा पाहिली नाहीत. मुंबईचे साहेब चादरीपाशी थांबले, एक उचललं, उन्हात धरलं आणि म्हणाले, "वा. आर्मरर कोण आहे?" मी सलाम ठोकला. माझ्या सेवापुस्तकात शेरा पडला, शंभर जणांसमोर शाबासकी मिळाली. गावी निरोप गेला. पुढच्या बाजाराला आबा नवा फेटा बांधून गेले आणि ज्याला त्याला सांगत सुटले, "मुंबईच्या साहेबानं माह्या पोराचं नाव इचारलं." कोणत्या कामासाठी विचारलं हे त्यांना नीट सांगता येत नव्हतं, पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही.

काडतुसं पुन्हा मॅगझीनमध्ये भरली गेली. ज्या मॅगझीनला पहिला नंबर, जे रायफलीला आधी लागायचं, त्यातच. कारण तपासणीला तेच मांडलं होतं.

पावसाळ्याचे दोन महिने उलटले आणि हुकूम आला: पहिली प्लाटून गडचिरोलीच्या जंगलात जाणार. उद्या दुपारी निघायचं. हवालदार आणि सव्वीस जवान. सगळ्यांना ठाऊक होतं की तिकडं कवायत करायला कुणी जात नाही.

नियमाप्रमाणे सकाळी मी मॅगझीन तपासायला घेतली. पहिलं मॅगझीन उचललं, अंगठ्यानं वरचं काडतूस सरकवलं. ते नेहमीसारखं गुळगुळीत सरकलं नाही. हाताला खरखर लागली. बाहेर काढून पाहिलं तर पुंगळीवर तांबूस ठिपके, आणि मानेपाशी ठिपके एकमेकांत मिसळून कडं झालेलं. दुसरं तसंच. तिसरं तसंच. दुसऱ्या जवानाचं मॅगझीन काढलं, तेही तसंच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी उठून शस्त्रागाराचं दार लोटून घेतलं, हे मी मान्य करतो.

आणि पहिला विचार काय आला तेही मान्य करतो. पहिला विचार आला की तेलाचं फडकं फिरवावं. वरचा गंज निघून जाईल, कुणाला दिसणार नाही. यादी त्याच महिन्यात लागायची होती. मी दहा-बारा काडतुसं पुसलीसुद्धा. चांगली दिसायला लागली. दिसायला.

मग मी त्यातलंच एक मॅगझीन आणि एक रायफल घेऊन परवानगी काढून माळावर गेलो. एकेक गोळी झाडली. सहा गेल्या. सातवी झाडली आणि पुंगळी चेंबरमध्ये रुतून बसली. हातानं रायफलीच्या बाजूचा दांडा ओढला, हलला नाही. रायफलचा दस्ता जमिनीवर टेकवून दांड्यावर बुटानं लाथ घातली तेव्हा कुठं पुंगळी बाहेर पडली. माळावर लाथ घालायला वेळ होता. माझ्यासमोर मातीचा बांध होता आणि बांध उलटून गोळी घालत नाही. मला हवालदार दिसले, नाल्यात आडवे पडलेले, रायफल उभी करून लाथ घालणारे. लाथ घालायला माणसाला उठावं लागतं.

मी थेट आमच्या कॅम्पाच्या साहेबांच्या कचेरीत गेलो. ते प्लाटून रवाना करायच्या गडबडीत होते. मी ती सातवी पुंगळी आणि एक न झाडलेलं गंजकं काडतूस टेबलावर ठेवलं.

"साहेब, पहिल्या प्लाटूनचं एकेक मॅगझीन बाद करावं लागंल. काडतुसं गंजलीत."

"गंजली कशी? सीलबंद डब्यातली होती ना?"

"वार्निश उतरवलं होतं, साहेब. तपासणीसाठी."

"कोणी?"

चार जवानांनी घासली, असं म्हणता आलं असतं. तेही खोटं ठरलं नसतं. कॅम्पाची रीतच आहे, असंही म्हणता आलं असतं.

"मी, साहेब. माझ्या डोक्यातून निघालं आणि माझ्या देखत झालं."

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काडतूस उचललं, नखानं गंज खरवडला आणि शांतपणे विचारलं, "ज्या गोष्टीसाठी शाबासकी घेतलीस तीच ना ही?" मी म्हणालो, "व्हय साहेब, तीच."

ट्रक तीन तास थांबले. मी नवे डबे फोडले, प्रत्येक काडतूस बोटानं चाचपून, हिरवं वार्निश शाबूत बघून, सत्तावीस मॅगझीन पुन्हा भरली. घासलेलं एक न एक काडतूस बाजूला काढून बाद केलं. हवालदार सगळा वेळ शेजारी उभे होते. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटेल, वर्षभराचं उट्टं निघेल. ते एवढंच म्हणाले, "मी असतो त तुला करू देलं नसतं." आणि खाली बसून माझ्याबरोबर मॅगझीन भरायला लागले.

संध्याकाळच्या हजेरीला साहेबांनी मला पुढं उभं केलं. शिक्षा अशी की पोलादी काडतुसाचे फायदे आणि तोटे मी सगळ्या कॅम्पाला सांगायचे आणि शेवटी मी काय केलं तेही माझ्याच तोंडून सांगायचं. मी सांगितलं. स्वस्त पडतं, तांबं वाचवतं, हलकं आहे, टणक आहे, आपल्या रायफलीत धुळीचिखलातही चालतं. काजळी धरतं, आकडा झिजवतं, चेंबर घट्ट असलेल्या हत्यारात त्रास देतं. आणि उघडं पडलं की गंजतं, म्हणून त्याचं वार्निश म्हणजे त्याची कातडी. ती मी सोलली. इथं मागून कुणीतरी हसलं. हसणं थांबेपर्यंत मी थांबलो आणि पुढं सांगितलं की सातवी गोळी अडली होती. मग कुणी हसलं नाही. शेरा खोडला गेला. यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं.

घरी बायको कढईबद्दल एक शब्द बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचं मला आजही अप्रूप वाटतं, कारण मी तिच्या जागी असतो तर महिनाभर बोललो असतो.

पण आबांना सांगायचं होतं. मी पुसेगावला गेलो. आबा मेंढरं घेऊन माळावर होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा फेटा, त्यांचा बाजार, सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. ते काठीवर हनुवटी टेकवून ऐकत राहिले.

"मंग आता लोकाला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा, पोरगं चुकलं."

"चुकलं हे त सांगतोच. पण चुकल्यावर मागं फिरलं का न्हाई, ते बी सांगावं लागंल ना?" त्यांनी काठी मेंढरांकडं केली. "वाटंनं एक मेंढरू मागं राहिलं त आपुन अख्खा कळप थांबवून मागं जातो. लोकं हसतेत, हसू दे. मेंढरू गावलं पायजे." आणि मग, "पट्टीचं वाईट वाटून राहिलं का?"

"वाटतंय, आबा."

"वाटू दे," ते म्हणाले. "वाटायलाच पायजे."

पुढच्या बाजाराला त्यांनी खरोखरच सगळ्यांना सांगितलं. फेटा तोच नवा बांधून गेले होते. मुंबईच्या साहेबाची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज जितका चढला होता तितकाच याही वेळी चढला होता, असं मला नंतर एकानं सांगितलं. त्या माणसाबद्दल मला जेवढा अभिमान वाटतो तेवढा कोणत्याच शेऱ्याबद्दल वाटला नाही.

दीड महिना गेला. हवालदारांची बायको नळावर भेटायची, हंडा भरायची, काही विचारायची नाही. मीच उगाच सांगायचो, "वहिनी, नवीन डबे फोडून देलेत." ती म्हणायची, "व्हय, ह्यांनी सांगितलं होतं." मग एक दिवस सकाळी बिनतारीवर निरोप आला की प्लाटूनवर गोळीबार झाला. एवढाच निरोप. त्या दिवशी मला शस्त्रागारात एक स्क्रू नीट लावता आला नाही. मी मनात मोजत बसलो होतो. सत्तावीस मॅगझीन, प्रत्येकात तीस काडतुसं, प्रत्येकावरून माझं बोट फिरलं होतं. खरंच फिरलं होतं का? एखादं चांदीचं नव्यात मिसळलं असलं तर? घाईत, तीन तासांत, एक? दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा निरोप आला, सगळे सुखरूप, एकाच्या दंडाला चाटून गेली. लाइनीत बायकांनी साखर वाटली. मी खाल्ली, पण मला तिची चव लागली नाही. निरोप हा निरोप असतो, मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी कनेरगाव नाक्यावरून फोन आला की चहाला थांबलोय, तासाभरात पोहोचतो. मी शस्त्रागाराचं दार उघडून, टेबल मांडून, रजिस्टर घेऊन बसलो. बाहेरून आलेल्या प्लाटूननं घरी जाण्याआधी हत्यार जमा करायचं, आणि आर्मररनं सगळ्यात आधी रायफली मोजून घ्यायच्या, ही शिस्त. मी ती कधी मोडली नव्हती.

ट्रक आले. जवान खाली उतरले, दाढ्या वाढलेल्या, कपडे चिखलानं रंगलेले. ओळ लावून दारात उभे राहिले. पुढं हवालदार. त्यांनी आपली रायफल माझ्यासमोर ठेवली. चेंबर काजळीनं काळाकुट्ट होता, त्यांना आवडायचा नाही तसा.

"आर्मरर," ते म्हणाले, "नाल्यात घेरलं होतं आमाला. पहिलं मॅगझीन पुरं रिकामं केलं मी. सगळ्यांनीच केलं." मग आवाज चढवून, मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, "एक बी अडली न्हाई. गरिबाच्या गोळीनं इज्जत राखली."

मला काहीतरी फटकळ उत्तर द्यायचं होतं. वर्षभर मी या एका वाक्याची वाट पाहिली होती. पण ते नंतर. मी खुर्चीवरून उठलो, टेबलाला वळसा घालून दारात आलो आणि बोटानं मोजायला लागलो. एक, दोन, तीन. दंडाला पट्टी बांधलेला अकरावा होता. मी मोजत मोजत ओळीच्या टोकाकडं सरकत गेलो.

"अरे आर्मरर," मागून हवालदार ओरडले, "रायफली हिकडं टेबलावर हायत. तिकडं काय मोजून राहिला?"

"थांबा, हवालदार," मी म्हणालो. "पंचवीस झालेत, दोन राहिलेत. मोजू द्या."